मुक्ताआज्जींचं गुपित पुण्याला कसं पोचलं?

१. रिकामा डबा

डबा रिकामा परत आला आणि सोलापुरातल्या शुक्रवार पेठेच्या त्या अरुंद बोळात काहीतरी भयंकर घडलंय, हे नाजनीनला तिथल्या तिथं कळलं.

तसा तो साधाच स्टीलचा डबा. झाकणाच्या कडीला लाल दोरा बांधलेला. पण त्याचा मान मोठा! नाजनीनची दादी बिबीजान तो वेगळ्या फळीवर ठेवायची, त्याला मटणाचा वाससुद्धा लागू द्यायची नाही. कारण तो समोरच्या मुक्ताआज्जींसाठीचा डबा होता आणि मुक्ताआज्जी पक्क्या शाकाहारी लिंगायत. इकडून खीर गेली की तिकडून शेंगाची चटणी यायची. इकडून शेवया गेल्या की तिकडून धपाटी. चाळीस वर्षं तो डबा बोळ ओलांडत होता आणि एकदाही रिकामा परतला नव्हता. आज्जींच्या घरी अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर तरी असायचीच.

बुधवारी सकाळी तो उंबऱ्यावर सापडला. घासलेला, पुसलेला, कोरडा ठणठणीत. हाक नाही, कडी वाजवणं नाही.

दादी तो मांडीवर घेऊन बसली होती. नाजनीन शाळेचा युनिफॉर्म घालता घालता थांबली. दहावीतली मुलगी, पण गेल्या महिन्यात तिनं प्रयोगशाळेची हरवलेली किल्ली शोधून काढली होती (शिपायाच्या छत्रीत!), तेव्हापासून तिची मान जरा ताठच होती.

"क्या हुआ दादी?"

"मैं किसकु नै बोली, नाजू," दादी म्हणाली. "अल्ला की कसम, किसकु नै बोली."

"काय नाही बोललीस?"

मग दादीनं सगळं सांगितलं. मुक्ताआज्जींच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. एकवीस तारखेला, इथंच सोलापुरात. पुण्यातल्या मुलाला, अजिंक्यकाकांना, ते कळू द्यायचं नव्हतं. कळलं असतं तर ते आईला उचलून पुण्याला नेणार आणि पुन्हा इकडं येऊ देणार नाहीत, अशी आज्जींना खात्री होती. दवाखान्यात सोबतीला दादी राहणार होती. दोघींनी सगळं ठरवलं होतं, कापडाची पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. आणि सोमवारी अजिंक्यकाकांचा फोन आला. ऑपरेशन रद्द, रविवारी गाडी घेऊन येतोय, घराला कुलूप घाल.

"मुक्ता पूछी, तेरेकु कौन बोल्या? वो बोल्या, अपनेच आदमी से मालूम पडा." दादीनं डबा बाजूला ठेवला. "अब अपना आदमी बोले तो मैंच ना?"

दादीचे डोळे भरून आलेले नाजनीननं आयुष्यात पहिल्यांदाच बघितले. तिनं दप्तराचा पट्टा खांद्यावर घट्ट ओढला.

"रविवारला चार दिवस आहेत," ती म्हणाली. "चार दिवस पुष्कळ झाले!"

२. जे दादीलाही माहीत नव्हतं

शाळेतून आल्या आल्या नाजनीन समोरच्या घरात शिरली. मुक्ताआज्जी पलंगावर बसून लुगड्यांच्या घड्या घालत होत्या. ट्रंक उघडी होती.

"ये बस. तुझ्यावर राग न्हाई माजा," त्या म्हणाल्या. "पर तुज्या दादीचं नाव काढू नगंस."

समोरच्या भिंतीवर तो भला मोठा टीव्ही चालू होता. हा टीव्ही म्हणजे नाजनीनचा अभिमान. दिवाळीत अजिंक्यकाकांनी तो पुण्याहून पाठवला, बोळातल्या विरेशदादानं भिंतीवर बसवला आणि बाकीची सगळी जुळवाजुळव नाजनीननं एकटीनं केली. काका फोनवरून सांगत गेले, ती टाइप करत गेली. पडदा दर वेळी काहीतरी विचारायचा, आणि ती 'मान्य', 'मान्य', 'मान्य' दाबत जायची. दहा मिनिटांत काम फत्ते! आज्जींना लहान अक्षरं दिसत नाहीत म्हणून तिनं रिमोटवरचं बोलायचं बटणही शिकवलं होतं. दाबा आणि बोला.

"ह्यो टीव्ही बी लई आगाव हाय," आज्जी म्हणाल्या. "मी कीर्तन लावते, ह्यो मला पिझ्झा दावतो. आमच्यात कोण खातंय पिझ्झा?"

खरंच, 'अर्धवट राहिलेलं पुढे पाहा' अशा ओळीत कीर्तनाच्या शेजारी 'तव्यावरचा पिझ्झा' बसला होता. चित्राखालची लाल रेघ बरोबर मध्यापर्यंत आलेली. कुणीतरी तो अर्धा बघून सोडला होता.

"तुम्ही लावला होता?"

"मी कशाला लावू? आपोआप येतंय."

नाजनीननं ते डोक्यात टिपून ठेवलं आणि मुद्द्यावर आली. "आज्जी, काका फोनवर नेमकं काय म्हणाले? एक शब्द गाळू नका."

आज्जींनी घडी ठेवली. "म्हनला, आई, एकवीस तारखेचं ऑपरेशन रद्द कर. डावा गुडघा हाय, म्हाईत हाय मला. आन् म्हनला…" त्या जरा घुटमळल्या. "म्हनला, आपला संडास जुन्या पद्धतीचा, ऑपरेशननंतर तुला खाली बसता येणार न्हाई, खुर्चीचा संडास कुठनं आणनार?"

"ही खुर्चीची काळजी तुम्ही दादीला बोलला होता?"

"छे गं! असलं काय बोलायचं असतंय व्हय? लाज न्हाई का वाटत?"

"मग दुसऱ्या कुणाला?"

"कोनालाच न्हाई."

नाजनीननं मनात जुळवून बघितलं. दादीला तारीख माहीत होती, गुडघा माहीत होता. पण खुर्चीचं दादीला माहीतच नव्हतं. आणि अजिंक्यकाकांना माहीत होतं.

म्हणजे ज्यानं कुणी सांगितलं त्याला दादीपेक्षा जास्त माहिती होती!

३. कुलूपबंद घरातला पिझ्झा

संशयित दोन. नाजनीननं वहीच्या शेवटच्या पानावर नावं लिहिली.

पहिले पंचाक्षरीकाका. पोस्टातून निवृत्त. आज्जींची आणि त्यांची भिंत एकच. बोळात कुणाकडं कोणता पाहुणा आला, किती वाजता गेला आणि जाताना हातात काय होतं, हे त्यांना विचारावं. शिवाय आज्जींच्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडं असायची.

"अजिंक्यचा फोन येतो ना मला," त्यांनी चष्मा पुसत सांगितलं. "महिन्याकाठी एकदा. आईची तब्येत विचारतो."

"गुडघ्याचं तुम्हाला माहीत होतं?"

"दोनदा रिक्षानं दवाखान्यात गेली ती. बिबीजान बरोबर. मी काय आंधळा आहे? पण मी अजिंक्यला काही बोललो नाही. बाईमाणसाच्या दुखण्याची चर्चा मी करत नसतो." आणि मग त्यांनी तिला पेठेतल्या आणखी तीन बायकांच्या दुखण्यांबद्दल सविस्तर सांगितलं.

दुसरा विरेशदादा. टीव्ही लावणारा, घरोघरी नेट जोडणारा. आज्जींच्या नेटचा पासवर्ड त्याला माहीत. तो कोपऱ्यावरच्या दुकानात वायरींच्या गुंडाळ्यांत बसला होता.

"दादा, आज्जी टीव्हीवर काय बघतात ते तुला इथून दिसतं का?"

"मी काय देव आहे का?" विरेश हसला. "मी नेट जोडतो. नळ जोडणाऱ्याला घरात चहा झाला का सरबत, ते कळतं का? आणि खरं सांगू? टीव्हीवाल्या कंपन्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. तू 'मान्य' दाबलंस ना, ते कशाला मान्य केलंस, वाचलंस?"

नाजनीननं विषय बदलला. तिला तो प्रश्न मुळीच आवडला नाही.

गुरुवारी शाळा सकाळची होती. दुपारी ती आज्जींबरोबर सिद्धेश्वराच्या देवळात गेली. पुण्याला जायच्या आधी त्यांना दर्शन घ्यायचं होतं. नाजनीन बाहेर तळ्याकाठी थांबली. आज्जी बाहेर आल्या आणि रिक्षात म्हणाल्या, "तिकडं अकराव्या मजल्यावर राहतोय अजिंक्य. खाली बघितलं की मानसं मुंग्यांवानी दिसत्यात. हाक तरी कोनाला मारायची?"

घरी येऊन त्यांनी पदराची गाठ सोडून किल्ली काढली, कुलूप उघडलं. नाजनीननं टीव्ही लावला.

आणि ती जागच्या जागी खिळली.

तव्यावरच्या पिझ्झ्याखालची लाल रेघ आता पार टोकाला गेली होती. निघताना टीव्ही बंद केला तेव्हा अर्धाच दिसलेला व्हिडिओ कुणीतरी पूर्ण बघितला होता. दोन तासांत. कुलूप लावलेल्या घरात!

४. न लागणारी किल्ली

नाजनीन तशीच पंचाक्षरीकाकांच्या दारात. "काका, आज दुपारी तुम्ही कुठं होता?"

"डोळ्यांच्या दवाखान्यात. हे बघ, थेंब घातलेत. भिंतीवरचं कॅलेंडर दिसत नाही, पिझ्झा काय दिसणार मला?" झालेलं सगळं ऐकून काका दुखावले होते. त्यांनी देव्हाऱ्यातून किल्ली काढून तिच्या हातावर आपटली. "जा, लावून बघ."

तिनं लावून बघितली. किल्ली कुलपात शिरेचना.

"अगं, ते कुलूप मी नागपंचमीला बदललं की!" आज्जींनी कपाळावर हात मारला. "ह्यांना नवी किल्ली द्यायची ऱ्हायलीच."

"म्हणजे इतके महिने मी गंजक्या लोखंडाला उदबत्ती ओवाळतोय," काका म्हणाले आणि आत निघून गेले.

खिडक्यांना गज. मागचं दार आतून बंद. घरात कुणी शिरलं नव्हतं, तरी व्हिडिओ संपला होता. आज्जींनी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी गुपित पुण्याला पोचलं होतं. नाजनीन पलंगावर मांडी घालून बसली. दोन्ही कोडी एकाच घरातली. एकाच खोलीतली. तिला उगाचच वाटायला लागलं की दोन्हींचं कुलूप एकाच किल्लीनं उघडणार.

"आज्जी, नीट आठवा. ते खुर्चीचं. माणसाला नाही सांगितलं, कबूल. पण तोंडातून मोठ्यानं बाहेर पडलं होतं का? देवापुढं, मांजरापुढं, कुठंही?"

आज्जी विचारात पडल्या. मग सावकाश त्यांनी उशीजवळचा रिमोट उचलला.

"मोठ्यानं म्हनशील तर… ह्याला इचारलं हुतं."

"काय विचारलं? जसंच्या तसं सांगा."

"म्हनलं, बाळा, माज्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन एकवीस तारखेला हाय, घरात जुना संडास हाय, तर बसायची खुर्ची कुठली घ्यावी."

"एवढं सगळं? नुसतं 'खुर्ची' म्हणायचं ना!"

"अगं, अर्धवट सांगितलं तर त्यो तरी काय सांगनार बिचारा?" आज्जींना तिच्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "डॉक्टरला सांगतो तसं पयल्यापासनं सांगावं लागतंय की."

५. तीन थापा

शुक्रवारी नाजनीननं सापळा लावला. तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या थापा पेरायच्या आणि पुण्यात कोणती उगवते ते बघायचं!

शाळेला जाताना तिनं पंचाक्षरीकाकांना हळूच सांगितलं, "आज्जी ऑपरेशनआधी तुळजापूरला जाऊन येणार म्हणे, एकट्या."

येताना विरेशदादाला सांगितलं, "आज्जी वरची खोली कॉलेजच्या मुलींना भाड्यानं देणार म्हणे."

तिसरी थाप कुठल्याच माणसाला सांगायची नव्हती. चार वाजता तिनं रिमोट आज्जींच्या हातात दिला आणि कानात कुजबुजली. आज्जी हसून हसून पलंगावर कलंडल्या. सोमवारपासून त्या पहिल्यांदा हसत होत्या. मग त्यांनी घसा साफ केला, बटण दाबलं आणि नेहमीसारखं अदबीनं म्हणाल्या,

"बाळा, मला की न्हाई, घरात गाढव पाळायचं हाय. वरच्या खोलीत ठिवलं तर चालंल का, आन् त्याला खायाला काय घालावं?"

पडद्यावर गाढवांचे पंधरा व्हिडिओ आले. दोघींनी त्यातला एक बघितलाही. चांगला होता.

सहा वाजेपर्यंत पेठेतल्या चौघांनी येऊन आज्जींना तुळजापूरची एसटी किती वाजता ते सांगितलं. एकीनं ओटीचं सामानही आणून दिलं. विरेशदादा येऊन एवढंच विचारून गेला, "त्या मुलींना नेट लागेल का?"

आणि साडेसहाला फोन वाजला. अजिंक्यकाका! नाजनीननं स्पीकरचं बटण दाबलं.

"आई, बरी आहेस ना? डोकं वगैरे दुखत नाही ना?"

"मला काय धाड भरलीया?"

"नाही, म्हणजे… तू घरात काही जनावर वगैरे आणायचा विचार नाही ना करत? मोठं?"

आज्जींनी पदर तोंडात कोंबला. मागून कुणा मुलीचा चिडका आवाज आला, "बाबा, चीज वितळलंच नाही! व्हिडिओत तर तव्यावर वितळलं होतं!"

"थांब गं वैष्णवी, आजीशी बोलतोय."

तुळजापूरचं नाव नाही. भाडेकरूंचं नाव नाही. आलं ते फक्त गाढव. आणि गाढवाच्या मागोमाग तव्यावरचा पिझ्झा!

नाजनीन उडीच मारणार होती. तेवढ्यात तिला दिवाळी आठवली. काका फोनवरून एकेक अक्षर सांगत होते आणि ती टाइप करत होती. काय टाइप करत होती ती?

तिची उडी पोटातच राहिली. चौथा संशयित सापडला होता, आणि तो तिच्याच युनिफॉर्ममध्ये उभा होता.

६. रविवार

शनिवारी रात्री तिला वाटलं की गप्प बसावं. रविवारी सकाळी उठल्यावर दादीच्या फळीवरचा तो रिकामा डबा तिला दिसला आणि गप्प बसायचा विचार तिथंच संपला.

दहा वाजता बोळाच्या तोंडाशी गाडी लागली. आत येणं शक्यच नव्हतं. अजिंक्यकाका चालत आले तेव्हा आज्जींच्या खोलीत पंचाक्षरीकाका खुर्चीवर, विरेशदादा दाराशी आणि नाजनीन टीव्हीसमोर उभी होती. दादी आली नव्हती. ती आपल्या उंबऱ्यावर बसून बोळापलीकडून बघत होती.

"हे काय?" काकांनी विचारलं. "पंचायत बसलीय का?"

"दोन मिनिटं, काका," नाजनीन म्हणाली. आवाज थरथरला नाही, याचं तिला स्वतःलाच कौतुक वाटलं. "आज्जींचं गुपित तुम्हाला कुणी सांगितलं ते मी सांगते. दादीनं नाही. कारण तुम्ही खुर्चीचं बोललात, आणि ते दादीला माहीतच नव्हतं. पंचाक्षरीकाकांनीही नाही. त्यांना परवा तुळजापूरचं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेला कळलं, पण तुम्हाला कळलं नाही."

"अगं, काळजीपोटी बोललो मी चौघांना," पंचाक्षरीकाका पुटपुटले.

"विरेशदादाला भाडेकरूंचं सांगितलं, तेही तुम्हाला कळलं नाही. तुम्हाला काय कळलं? गाढव! आणि गाढवाचं आज्जी ज्याच्याशी बोलल्या तो हा." तिनं रिमोट वर धरला. "आता पिझ्झा. इथं घराला कुलूप असताना व्हिडिओ संपला, कारण तो इथं कुणी बघतच नव्हतं. वैष्णवी बघत होती, पुण्यात. या टीव्हीवर खातं तुमचं आहे, काका. तुमच्या फोनवर तेच, वैष्णवीच्या टॅबवर तेच. तिकडं जे बघतात ते इकडं दिसतं. आणि आज्जी इकडं जे विचारतात ते तिकडं साठतं. तुम्ही शोधायला गेलात की यादीत वर येतं."

काकांनी खिशातला फोन काढून बघितला.

"आणि ते खातं इथं घालणारी मी," नाजनीन एका दमात म्हणाली. "आज्जींचा स्वतःचा ईमेल काढायला अर्धा तास लागला असता. मला दहा मिनिटांत काम दाखवायचं होतं. पडद्यानं विचारलं, आवाज साठवू का, मी म्हटलं मान्य. काय काय बघितलं ते साठवू का, मान्य. न वाचता. बोलायचं बटणही मीच शिकवलं. दादीवर आळ आला तो माझ्यामुळं."

आज्जी तिच्याकडं बघतच नव्हत्या. त्या मुलाकडं बघत होत्या.

"अजिंक्या. समदं वाचतोस तू? मी त्याला इचारलेलं?"

अजिंक्यकाका ट्रंकेवर बसले. एवढा मोठा माणूस, पण एकदम शाळेतल्या मुलासारखा दिसायला लागला.

"मुद्दाम नाही गं. दिवाळीनंतर एकदा मी कामाचं काहीतरी शोधत होतो, तर खाली यादीत आलं, 'बाळा, एका माणसापुरती खिचडी किती तांदळाची लावावी.' मला कळलं ही तू आहेस. बंद करायला पाहिजे होतं. केलं नाही. रोज बघायला लागलो. 'पहाटे चारला जाग येते, काय करावं.' तू मला फोनवर एकच सांगायचीस, मजेत हाय. त्याला मात्र खरं सांगायचीस."

"मग आपल्याच माणसाकडनं कळलं, असं का म्हनलास?"

"तुझेच शब्द होते ना ते. वाचतो म्हणायची लाज वाटली."

"तुज्या लाजंपायी मी चाळीस वर्साच्या मैत्रिणीचा डबा रिकामा धाडला," आज्जी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण काकांनी मान खाली घातली. "मला इचारायचं हुतंस की, रं. आई, झोप लागती का? एवढंच. मी सांगितलं असतं."

"आता विचारतो," काका म्हणाले. "पुण्याला यायचंय तुला?"

"न्हाई."

"मग एकवीस तारखेला मीच इथं येतो. आठ दिवस रजा काढतो. खुर्ची बघून ठेवलीय मी, चांगली आहे. आणि हवं तर घरात एक कॅमेरा लावू, म्हणजे मला तिकडून…"

आज्जींनी फक्त बघितलं.

"बरं, नको कॅमेरा," काका म्हणाले.

७. पासवर्ड

या वेळी नाजनीननं घाई केली नाही. पूर्ण दुपार घातली.

काकांचं खातं टीव्हीतून काढलं. मग आतली एकेक पाटी वाचत गेली आणि जिथं जिथं दिवाळीत 'मान्य' दाबलं होतं तिथं तिथं जाऊन ते बंद केलं. असल्या पाट्या अकरा निघाल्या. टीव्ही स्वतःहून कंपनीला काय काय कळवत होता ते वाचून पंचाक्षरीकाकांसारख्या माणसालाही धक्का बसला.

"एवढी चौकशी तर मीसुद्धा करत नाही," ते म्हणाले.

शेवटी तिनं टीव्हीचं नेटच तोडलं आणि त्याऐवजी टीव्हीला जोडायचा, कार्यक्रम दाखवणारा एक छोटा डबीएवढा बॉक्स विरेशदादाकडून आणवला. त्यानं तसले तीन दाखवले. एकात जाहिराती फार. दुसऱ्याच्या रिमोटला चाळीस बटणं, आज्जींना चष्म्यातूनही दिसेनात. तिसऱ्याला नऊच बटणं आणि बोलायचं बटण हवं तर बंद करता येत होतं. तिसरा! पडद्यावर चारच चित्रं ठेवली: कीर्तन, बातम्या, मालिका, जुनी गाणी. चालू-बंदच्या बटणावर तिनं आपल्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, आवाजाच्या बटणावर निळा.

"आन् काय इचारायचं आसंल तर?" आज्जींनी विचारलं.

"मला विचारा. मी समोरच राहते."

"आन् तू कोनाला सांगनार न्हाईस कशावरनं?"

"मी तर आत्ताच चार जणांसमोर स्वतःचीच चुगली केली, आज्जी! माझ्यावर कसला भरवसा ठेवताय?"

आज्जी खळखळून हसल्या. मग नवं खातं आज्जींच्या स्वतःच्या नावानं निघालं. पासवर्ड टाकायच्या वेळी नाजनीननं सगळ्यांना पाठ फिरवायला लावली, स्वतःही फिरवली. आज्जी एकेक अक्षर शोधत बोट दाबत राहिल्या. पाच मिनिटं लागली.

"हा कुणालाही सांगायचा नाही," नाजनीननं बजावलं. "काकांना नाही. विरेशदादाला नाही. मलाही नाही. कुणालाच नाही!"

"व्हय गं बाई, कळलं."

संध्याकाळी आज्जींनी डबा मागवला. नाजनीन तो घरून घेऊन गेली. दादीनं तो दिला, पण बोळाकडं पाठ करून. आज्जींनी त्यात शेंगाच्या पोळ्या रचल्या, वर तुपाची वाटी ठेवली, झाकण लावलं. नाजनीननं हात पुढं केला, तर त्यांनी डबा मागं घेतला.

"ह्यो मीच नेनार."

बोळ ओलांडायला सहा पावलं लागतात. आज्जींना त्या दिवशी बराच वेळ लागला. दादीच्या घराला तीन पायऱ्या. पहिल्या पायरीवर आज्जींनी भिंत धरली. दुसरीवर अजिंक्यकाका पुढं झाले, पण त्यांनी हातानंच थांबवलं. तिसरीवर दादीनं उंबऱ्यातून उठून त्यांचा दंड पकडला.

"इत्ती देर लगती क्या मुक्ता, इधर से उधर आने कु?"

"माजं चुकलं, बिबी."

"हौ, चुक्या," दादी म्हणाली. तिनं डबा घेतला, झाकण उघडून बघितलं, पुन्हा लावलं. "बैठ. चाय रखती मैं."

आज्जी बसल्या नाहीत. त्यांनी मागं वळून बघितलं. अजिंक्यकाका भरलेली ट्रंक परत आत सरकवत होते, विरेशदादा वायर गुंडाळत होता, पंचाक्षरीकाका नवी किल्ली खिशात टाकत होते. मग आज्जी दादीच्या कानाशी वाकल्या, तळहाताचा आडोसा केला आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करून काहीतरी कुजबुजल्या.

नाजनीननं ओरडायला तोंड उघडलं. "आज्जी! तो कुणालाच…"

आणि मिटलं.

"इत्ता लंबा?" दादी म्हणाली. "याद कैसा रहना मेरेकु? फिर से बोल."

आज्जी पुन्हा वाकल्या.